दंडावरचे चार ठिपके

प्रिय मंगळीआजी,

काल खोडाळ्याच्या बाजारात मला तू दिसलीस. हसू नकोस. उन्हं कलली होती, धूळ उडत होती, आणि या वयात दुपारची झोप चुकली की मला काय काय दिसतं ते माझं मलाच सांगता येत नाही. मिठाच्या ढिगाजवळ एक बाई पाठमोरी उभी होती, कडेवर तान्हं. तिने हात वर केला आणि तिच्या डाव्या दंडावर मला माझी खूण दिसली. देवी काढल्याची, म्हणजे देवीची लस टोचल्याची, वालाच्या दाण्याएवढी, जराशी खोलगट. आणि त्या खुणेभोवती गोंदलेले चार हिरवे ठिपके.

असे ठिपके साऱ्या मुलखात एकच बाई काढायची. मी मिठाचा भाव विचारायला गेलो होतो, तो तोंडातच राहिला.

बाई वळली. तोंड तुझं नव्हतं, तरुण होतं, आणि तुझ्या तोंडावर होते तसे देवीचे व्रण त्यावर एकही नव्हते. पण बघणं तुझंच, माणसाला आरपार सोलून काढणारं. मी म्हटलं, "चंदरी ना तू? दाभोशाच्या मंगळीची नात?" तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "टोच्या? तू अजून हायस व्हय?"

आहे बाई, आहे. आणि तू नाहीस, आजी, हे मला मिठाच्या ढिगाशेजारी कळलं. गेल्या साली नागली कापायच्या दिवसांत गेलीस म्हणे. वर्ष झालं! मला कोण कळवणार? मी तुझा कोण? जव्हार संस्थानातला एक देवी काढणारा, हिवाळा आला की पेटी घेऊन डोंगर चढणारा. चंदरीला दिलंय इथे खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावर, हेही मला ठाऊक नव्हतं. माझी लेक तीन वर्षं याच गावात नांदतेय. जावयाचं किराणा दुकान आहे, नोकरी संपल्यापासून मीही निम्मं वर्ष इथेच असतो, आणि तुझी नात कोसभरावर राहते हे मला माहीत नाही!

म्हणून आज हे पत्र. लेकीच्या ओट्यावर बसून लिहितोय. समोर नागली वाळत घातलीय, कोंबड्या हाकलायचं काम माझ्याकडे दिलंय, आणि मध्येच डोळा लागतो. डोळा लागला की दाभोशाचा धबधबा ऐकू येतो. तुमच्या पाड्यावर तो कुठूनही ऐकू यायचा, नाही का? बोलणं थांबलं की पाणी बोलायला लागायचं. तुला वाचता येत नव्हतं हे मला पक्कं माहीत आहे. पण गेल्यावर येत असेल कदाचित. तुझं सगळं माझ्याआधी शिकून व्हायचं.

आपली पहिली भेट तुला आठवते? मला तर धुक्यातून पाहिल्यासारखी दिसते. पौषातली सकाळ, दरीतून वाफ वर येतेय, आणि मी काठी टेकत पाड्यावर पोचलोय. पेटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या. त्यातली लस उन्हाने मरते, म्हणून मी सावली सावली शोधत चालायचो. आणि पोचून बघतो तर माणूस नाही! चुली धुमसतायत, कोंबड्या फिरतायत, एक पाळणा अजून हलतोय, आणि आई-लेकरं सगळी रानात पसार. माझी पेटी लांबून दिसली की असंच व्हायचं.

तू मात्र खळ्याच्या कडेला बसली होतीस. मी म्हटलं, तुम्ही नाही पळालात? तू म्हणालीस, माझ्या तोंडावर बायनं आधीच गोंदलंय, मला तू काय टोचणार? देवीचं नाव तुमच्याकडे घेत नसत. 'बाय' म्हणायचे, पाहुणी आल्यासारखं.

आणि मग म्हणालीस, वहाणा काढ. मी वहाणांसकट सारवलेल्या खळ्यावर उभा होतो. तुमच्या धान्याच्या देवीची, कणसरी मायची जागा ती, भात झोडायची, आणि मी राजाचा माणूस तिथे चिखल घेऊन उभा! मी मुकाट्याने वहाणा काढल्या. तुझ्यापुढे मुकाट्याने केलेली ती माझी पहिली गोष्ट.

मग मी भाषण केलं. तोंडपाठ होतं माझं. राजेसाहेबांचा हुकूम, लसीचा गुण, शहाण्या रयतेचं कर्तव्य. तू शेंगा सोलत ऐकत होतीस. संपलं तेव्हा विचारलंस, "झालं?" मी झालं म्हटलं. तू सांगितलंस की लोक म्हणतात, ज्या पोरांना ही खूण करतात त्यांना पुढे पुलाच्या पायात पुरायला नेतात. मी हसलो.

आजी, त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तू शेंग खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "हसलास म्हंजे तुला उत्तर येत नाय."

खरंच येत नव्हतं. जव्हारला परत जाताना सगळ्या वाटभर मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. अडाणी म्हातारी, म्हटलं. हट्टी, म्हटलं. आणि घरी पोचेपर्यंत लक्षात आलं की भांडून झालं तरी उत्तर सापडलेलं नाही.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा पेटी उघडलीच नाही. तुझ्या अंगणात एक पोर बसली होती, दहा-अकरा वर्षांची, आणि तू तिच्या हातावर गोंदत होतीस. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, छोट्या भोपळ्यात दिव्याची काजळी आणि कसल्याशा पाल्याचा रस. टक, टक, टक. पोर रडत होती, नाक पुसत होती, आणि पुन्हा हात पुढे करत होती. मी कितीतरी वेळ बघत बसलो. माझ्या एका ओरखड्याला घाबरून सारा पाडा रानात पळतो, आणि इथे शंभर टोचे ही पोर हात पुढे करून घेते! हे कसं काय?

तुला विचारलं तर म्हणालीस, कारण ती मागायला आलीय. तू सांगायला येतोस.

एवढं साधं होतं ते. मला नोकरीत लागताना कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर मी किती जणांना सांगितलं तरी त्यांना ते फार साधं वाटायचं.

मग तू माझी सुरी मागून घेतलीस. अंगठ्याच्या नखावर धार बघितलीस आणि तोंड वाकडं केलंस. बोथट, म्हणालीस. दगडावर घासून दिलीस! संस्थानच्या नोकराची सुरी एक गोंदणारी म्हातारी घासून देतेय म्हटल्यावर दाराआडच्या बायका फसकन हसल्या. तोवर मला कळलंच नव्हतं की दाराआड बायका आहेत. रानातून त्या कधी परतल्या होत्या कोण जाणे. त्या दिवशी मी फक्त उत्तरं दिली. पुलाचंही दिलं. म्हटलं, मीही लहानपणी टोचून घेतलंय, ही बघा खूण, आणि मी अजून कुठल्या पुलाखाली गेलेलो नाही. बायका माझ्या दंडाला हात लावून बघून गेल्या. मीच लाजलो.

तूच मला टोच्या म्हणायला लागलीस. सगळ्यांसमोर सांगितलंस, हा पण टोच्या, मी पण टोची, दोघं एकाच धंद्याचे. आणि तोड काढलीस. तान्ह्यांना कुणी गोंदत नाही, पण एक ठिपका चालेल, नजर लागू नये म्हणून. टोच्यानं त्याची खूण करायची, शेजारी मी माझी करीन. म्हणजे आयांना वाटेल, आपलंच आहे.

मला ती तोड इतकी आवडली, आजी! मी जव्हारला जाऊन साहेबाला सांगितली. आपणच शोधून काढल्यासारखी सांगितली, हेही आज कबूल करतो.

तिसरी भेट म्हणजे जत्राच होती. खळ्यावर सगळी पोरं, आया ओळीने बसलेल्या. मी ओरखडा काढून लस लावायचो आणि पोर तुझ्याकडे सरकायचं. तू ठिपका काढायचीस आणि ओंजळीतला पाला चोळायचीस. कुणीतरी मला नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं आणून दिलं. सगळे हसत होते. आणि मी, मोठा माणूस झालेला मी, प्रत्येक आईला छातीवर हात ठेवून सांगत होतो, एकदाच हां, जन्मात एकदाच, पुन्हा कधी टोचायला येणार नाही.

तुझी नात तेवढी त्या ओळीत नव्हती. चंदरी तेव्हा चार वर्षांची असेल. तू सगळ्यांची पोरं माझ्यापुढे आणलीस आणि तुझी भाताच्या कणगीमागे दडवलीस! मला तिचं पाऊल दिसलं होतं, एवढंसं, मातीने माखलेलं. मनात मात्र राग आला. वाटलं, म्हातारी लोकांना एक सांगते आणि घरी एक करते. का दडवलंस हे तेव्हा विचारलं असतं तर? पण विचारायचं मी अजून शिकलोच नव्हतो.

आठव्या दिवशी मी पाहणीला आलो. लस लागली असेल तर आठव्या दिवशी तिथे पाणीदार फोड येतो, मोत्यासारखा. तो आला की पोर सुटलं. मी पहिला दंड बघितला. कोरडा. दुसरा बघितला, कोरडा. एक आई कौतुकाने म्हणाली, बघ कसं साफ बरं झालं, आजीच्या पाल्याचा गुण. मी सगळ्या पोरांचे दंड बघितले. एकही फोड उठला नव्हता.

तुला विचारलं. तू सरळ सांगितलंस, तू तुझी जखम उघडी टाकून पुढं जात होतास, उघडी जखम कुणी ठेवतं का? मी माझ्या ठिपक्याला पाला चोळला, तुझ्यालाही चोळला. काजळी, रस, सगळं. तुझ्या धंद्यात ते बरोबरच होतं, आजी. माझ्या धंद्यात त्यानं लस पुसली गेली आणि मेली.

आता ते सांगतो जे मी तुला पुरतं कधी सांगितलं नाही. मी ते बघितलं होतं. पहिल्याच पोराला तू पाला चोळलास तेव्हा मी भाकरी मोडत होतो. हिला थांबवायला हवं, असं वाटलं. पण सगळे हसत होते ना? इतक्या दिवसांनी माझ्यासाठी कुणी ओळीत बसलं होतं. म्हटलं, कशाला विरस करायचा, एवढ्याशा पाल्याने काय होतंय? आणि मी दुसरा घास घेतला. बस, इतकंच. त्या एका घासाएवढीच माझी चूक आहे, आणि ती माझ्या साऱ्या आयुष्याला पुरली.

मी नदीवर जातो म्हणून उठलो. धबधब्याच्या वरच्या अंगाला कातळावर बसलो. पाण्याचा आवाज असा होता की डोक्यातलं काही मला ऐकू येईना, आणि तेच बरं वाटत होतं. वहीत लिहायला दोनच शब्द होते, 'लस लागली'. कुणी बघायला येणार नव्हतं. पुढचा पाडा गाठायचा आणि विसरून जायचं. पण दोन दिवसांपूर्वीच हद्दीपलीकडून, मोखाड्याच्या बाजूच्या एका गावातून निरोप आला होता की तिकडे बाय उतरलीय. बाय आली की हद्द विचारून येत नाही. आणि इथे एवढी पोरं कोरड्या दंडाने अंगणात खेळत होती, आणि त्यांच्या आयांना वाटत होतं की आता काही भीती नाही. माझ्या शब्दावर वाटत होतं.

किती वेळ बसलो ठाऊक नाही. बहुतेक डोळा लागला. जागा झालो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या, आणि मी उठून परत वर आलो. मला तो चढ अजूनही स्वप्नात चढावा लागतो. स्वप्नात पाडा येतच नाही.

खळ्यावर सगळ्यांना बोलावलं. वहाणा काढल्या. म्हटलं, "मी चुकलो. लस लागली नाही. पुन्हा टोचावं लागेल. यात मंगळीआजीचा दोष नाही, मला दिसत होतं आणि मी बोललो नाही."

बुध्या उठला. त्याची लेक सुकरी दोन वर्षांची, मी टोचलं तेव्हा रडलीसुद्धा नव्हती. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि एवढंच म्हणाला की तू एकदाच म्हणालास. आणि गेला. त्याच दिवशी बायको-पोरीला घेऊन तो सासुरवाडीला निघून गेला, मोखाड्याकडे.

बाकीचे बसून राहिले. कुणी माझ्याकडे बघेना. तू आत गेलीस. मला वाटलं, आता हीही गेली. आणि तू बाहेर आलीस ती चंदरीचा हात धरून.

तेव्हा तू तुझ्या लेकाचं सांगितलंस. चंदरीचा बाप नव्हे, त्याच्याआधीचा, थोरला. माझ्या आधी कुणी एक देवी काढणारा यायचा. त्याने लेकाला टोचलं, दंड सुजला, काळा पडला, ताप भरला, आणि महिन्याच्या आत पोर गेलं. तू त्याची वाट अडवून विचारलंस, काय चुकलं माझ्या पोराचं? तो म्हणाला, आमचं काही चुकत नाही, तुझंच पोर नाजूक होतं. हे तू मला तीन भेटींत सांगितलं नव्हतंस. सगळ्यांची पोरं पुढे केलीस, कारण मी सांगतो ते तुला पटलं होतं. नातीला दडवलंस, कारण पटणं निराळं आणि लेक जाणं निराळं. आजी, मी तुला ढोंगी म्हटलं होतं, मनात. माफ कर.

तू सगळ्या पाड्यासमोर म्हणालीस, "त्याला इचारलं, चुकलास का? तो नाय म्हणाला. ह्यो न इचारता चुकलो म्हणतो. टोच्या, पयली हिला टोच."

सुरी दिव्यावर धरली, गार होईपर्यंत थांबलो. तुला सगळं सांगत होतो, आता हे करतोय, आता ते करतोय. सुजू शकतं, हेही सांगितलं. सुजलं तर काय करायचं आणि मला कुठे निरोप पाठवायचा, तेही सांगितलं. आधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्यात सांगायची पद्धतच नव्हती. चंदरी तुझ्या मांडीवर होती आणि तू तिच्या कानात काहीतरी गुणगुणत होतीस. पाल्याला या खेपेला तू हात लावला नाहीस. तुझे रिकामे हात कुठे ठेवावेत हे तुला कळत नव्हतं, म्हणून तू ते स्वतःच्याच पदरात गुंडाळून घेतलेस.

तिच्यामागून एकेक करून सगळी आली.

मी जव्हारला गेलोच नाही. आठ दिवस पाड्यावर राहिलो, तुझ्या पडवीत. ते दिवस आठवले की मला ते कुणा दुसऱ्याचे वाटतात. सकाळी धुकं, दुपारी सुस्त ऊन, पेंढ्याचा वास. तू रोज सकाळी चंदरीचा दंड बघायचीस आणि माझ्याशी बोलायची नाहीस. पाचव्या दिवशी लालसर झालं. तिला कणकण आली. तू रात्रंदिवस तिला मांडीवरून खाली ठेवलं नाहीस आणि मी तुझ्या नजरेला नजर देत नव्हतो. मनात एकच, हिला काही झालं तर मी डोंगर उतरायचा नाही. आठव्या दिवशी तू मला हाक मारलीस. दंडावर मोती उठला होता, गोल, पाणीदार. तू रडलीस का गं तेव्हा? मला नीट दिसलं नाही. माझेच डोळे भरले होते.

खपली पडल्यावर तू त्या खुणेभोवती चार ठिपके काढलेस. मग सगळ्याच पोरांना काढलेस. माझं आधी, तुझं नंतर, असा क्रम आपण ठरवला, आणि पुढे जितके पाडे आपण फिरलो तितक्यांत तो पाळला.

बाय उन्हाळ्यात आली. खालच्या वाडीत आली, नदीपलीकडे आली. तुमच्या पाड्यावर कुणाला नाही, फक्त सुकरीला. बुध्या तिला सासुरवाडीहून घेऊन परत आला तेव्हा तिच्या अंगावर जागा राहिली नव्हती. तिच्याजवळ कुणी जाईना, आणि तू गेलीस. तुझ्या तोंडावर आधीच गोंदलेलं होतं, तुला कसली भीती? नऊ दिवस तू तिला कडुनिंबाच्या पाल्याने वारा घातलास. मी पोचलो तेव्हा ती गेली होती.

मी म्हटलं, बुध्याने ऐकायला हवं होतं. तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "बुध्याची चूक अर्धी. अर्धी तुझी."

पुरती माझी म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो. माझी नाही म्हणाली असतीस तर मी विसरलो असतो. अर्धी म्हणालीस, आणि ती अर्धी मी इतकी वर्षं वागवली. नंतर कुणीही नाही म्हटलं की मला सुकरीची आठवण व्हायची आणि मी खाली बसायचो. कुणाच्याही दारात उभ्याने बोललो नाही. हसलो नाही. लोक म्हणायचे, हा देवीवाला फार वेळ लावतो. लावतो बाबा. घाई कुणाला आहे?

एक गोष्ट मात्र राहिली. आपली शेवटची भेट. माझी नोकरी संपत आली होती, तुझी नजर अधू झाली होती. तू तीन सुया काढल्यास आणि म्हणालीस, टोच्या, हात दे, मनगटावर एक ठिपका काढते. माणूस जातो तेव्हा बाकी सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर जातं. तिकडं भेटलास तर वळखू कशी?

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, अगं, मी सरकारी माणूस, पांढरपेशा, लोक काय म्हणतील! आणि जरा विचार करतो म्हणालो. पुढच्या खेपेला बघू म्हणालो. म्हणजे इतकी वर्षं लोक मला जे जे म्हणाले, ते सगळं मी तुला एका दमात म्हणालो! तू हट्ट केला नाहीस. सुया पुन्हा दोऱ्यात गुंडाळल्यास आणि मला शेंगा खायला दिल्यास. पुढची खेप झालीच नाही.

काल चंदरीला विचारलं, या बाळाला टोचलंय का? तिने बाळाचा दंड पदराआड घेतला. आजी, तुझी नात! जिच्या दंडावर माझी खूण आहे ती! मला धक्काच बसला. विचारलं, का गं? या खेपेला मात्र विचारलं.

म्हणाली, हिवाळ्याच्या सुरुवातीला इकडे नवा देवीवाला आला होता, तरुण, चुणचुणीत. ती बाळाला घेऊन ओळीत उभी राहिली. तुझं सांगणं होतं म्हणून तिचा नंबर आल्यावर तिने त्याला विचारलं, आजवर कधी चुकलास का? तो म्हणाला, छे, आमचं काही चुकत नाही. ती तशीच ओळीतून बाहेर आली आणि घरी गेली. आजीनं सांगून ठेवलंय, म्हणाली, चुकलो म्हणील त्याच्याच हातून घे.

तिच्या कडेवरचं ते पोर माझ्याकडे बघत होतं, दंड कोरा. उन्हाळा तोंडावर आलाय. बाय काही कायमची गेलेली नाही. ती येते तेव्हा कुणाची आजी काय सांगून गेली ते ऐकत नाही. तू बरोबर सांगितलंस, आणि तुझ्याच बरोबर सांगण्यापायी ते पोर उघडं राहिलंय. यातलं अर्धं कुणाचं, आजी? सांग ना.

जाऊ दे. माझं मीच ओळखतो.

तर ऐक. त्या नव्या देवीवाल्या पोराशी आज सकाळी मी बोलून आलो. वाईट नाही तो. घाबरलेला आहे, मी होतो तसाच. चुकलो म्हटलं तर लोक पळतील असं त्याला शिकवलंय. मी त्याला चहा पाजला आणि आठव्या दिवसाची सगळी गोष्ट सांगितली, भाकरीच्या घासासकट. त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, काका, गेल्या साली माझी एक पेटी उन्हात राहिली होती, मी कुणाला बोललो नाही. मी म्हटलं, हेच, बाबा, हेच चंदरीला सांग. आणि त्या पेटीतलं ज्यांना टोचलं, त्यांच्या दारी आधी जा. मी येतो बरोबर.

परवा आम्ही दोघं वरच्या पाड्यावर जातोय. खळ्याबाहेर वहाणा काढू. तुझ्या तीन सुया आता चंदरीकडे आहेत, काल तिनेच सांगितलं. पेटी उघडायच्या आधी मी तिच्यापुढे माझं मनगट धरीन. आधी तिने मला टोचायचं, मग तिला वाटलं तर आम्ही तिच्या बाळाला. ती नाही म्हणाली तर मी पुन्हा जाईन, पुन्हा बसेन. पण ठिपका घेतल्याशिवाय तुझ्याकडे यायचा नाही, हे वचन. ओळख हो मला.

तुझा,
टोच्या